चौघांचा खेळ

काझी सर माणसाच्या तोंडाकडं नंतर बघायचे, आधी कानाकडं. मी कॉलेजात रुजू झाले तो पहिला दिवस. स्टाफरूममध्ये अजून खुर्ची मिळाली नव्हती, पर्स कुठं ठेवावी या विचारात मी उभी, आणि हा किडकिडीत माणूस डोक्यावरचं हेल्मेट न काढताच माझ्याभोवती अर्धी चक्कर मारून म्हणतो, "बाई, कानाच्या पाळ्या मोकळ्या आहेत तुमच्या. आईच्याही अशाच का?"

मी नवीन होते, मुकी नव्हते. म्हटलं, "माझ्या आईच्या कानांशी तुम्हाला काय करायचंय?"

ते हसले नाहीत, वरमलेही नाहीत. "मराठी शिकवणार ना? राग छान आहे," एवढं म्हणाले आणि तासाला निघून गेले. हेल्मेट डोक्यावरच.

पुढं कळलं की हे जीवशास्त्र शिकवतात, पुंडलिकनगरला आमच्याच गल्लीत समोरच्या घरात राहतात आणि हेल्मेट काढायला रोज विसरतात. त्यांच्याबरोबर लग्नाला जाणं म्हणजे तर शिक्षाच. लोक अक्षता टाकतायत आणि हे नवऱ्या मुलाच्या मामाची हनुवटी न्याहाळतायत. "ती खळी बघा बाई. तिकडं आजोबा बसलेत ना, त्यांच्याकडून आलीय." मी कोपरानं ढोसलं की तेवढ्यापुरते गप्प. पण पंगतीत शेजारच्या अनोळखी पोराला हळूच विचारायचे, "बेटा, जीभ गुंडाळता येते का तुला?" पोरगं जीभ गुंडाळून दाखवायचं, त्याची आई आमच्याकडं बघायची आणि मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटायचं. वर घरी येताना सांगायचे, "जिभेचं पुस्तकात लिहिलंय तितकं खरं नाही हां बाई. जुळ्या भावांतसुद्धा एकाला येतं, एकाला येत नाही. पण विचारायला मजा येते."

घरी ते दख्खनी बोलायचे. खुशीत असले की आमच्याशीही. "कायकू टेन्शन लेते बाई, हो जाता सब." चिडले की मात्र एकदम शुद्ध मराठी, माझ्याहून शुद्ध. आवाज कधी चढला नाही त्यांचा. "कृपया वही मिटा," असं सर म्हणाले की पोरं ताठ बसायची, कारण आता कुणाचं तरी काही खरं नाही.

आनुवंशिकतेच्या नियमांना ते नियम म्हणायचे नाहीत, कायदे म्हणायचे. वाटाण्याच्या रोपांवर ते पहिले प्रयोग करणाऱ्या त्या परदेशी धर्मगुरूला पाद्रीबाबा म्हणायचे. जणू तो हर्सूलच्या पुढं कुठंतरी मळा करून राहतोय. आणि कायद्यात न बसणाऱ्या गोष्टींना त्यांचा शब्द होता नखरे. "कायदे आधी, नखरे नंतर," हे त्यांचं पालुपद. कायदे पाठ नसताना नखऱ्यांबद्दल विचारणाऱ्या पोराला ते उभं करायचे. "तुला अपवाद व्हायची घाई झालीय. आधी कायद्यात तर बस."

अंगणात त्यांनी गुलबक्षी लावली होती. लाल आणि पांढरी. फुलांना फडक्याच्या छोट्या पिशव्या बांधलेल्या असायच्या, कुठल्या फुलाचे पराग कुठल्या फुलाला लावले ते कळावं म्हणून. माझ्या सासूबाई संध्याकाळी दिव्यापाशी ठेवायला पांढरी फुलं बिनदिक्कत तोडून आणायच्या आणि सर फाटकात उभे राहून म्हणायचे, "आई, पिशवीवालं सोडून घ्या हो. तो माझा नातू आहे." त्यातून एका वर्षी गुलाबी फुलं आली. पाद्रीबाबाच्या कायद्यानं लाल आणि पांढऱ्याच्या जोडीत एका रंगानं दडी मारायला हवी होती. इथं दोघांनी मिळून तिसराच रंग काढला. सरांनी आम्हा सगळ्यांना बोलावून शिरखुर्मा दिला. ईद नव्हती, काही नव्हतं. "देखो, गुलाबी हो गया!" सासूबाई फुलं बघून म्हणाल्या, "इश्श, यात काय, आमच्या माहेरी सगळी गुलाबीच असतात." सर दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

एका झुडपाची पानं पांढऱ्या ठिपक्यांची होती. ती पानं फक्त आईकडून येतात, बापाचा काही संबंध नाही, असं ते सांगायचे. "बाप कितीही हिरवा असू द्या, आई ठिपक्यांची तर पोरं ठिपक्यांची. पाद्रीबाबाला हे कळलं असतं तर बिचारा रडला असता."

इतका हौशी माणूस, पण एका गोष्टीत कडक होता. रक्तगटाचं प्रात्यक्षिक असलं की बाकीच्या कॉलेजांत आईवडिलांचे गट विचारून यायला सांगायचे, आईबापाकडून पोरात काय येतं त्याची चौकट मांडून दाखवायला बरं पडतं म्हणून. काझी सरांनी ते कधी करू दिलं नाही. मी कारण विचारलं. म्हणाले, "लाखात एखाद्याचं रक्त असं असतं की त्याचा खरा गट साध्या तपासणीत दिसतच नाही, लपून बसतो. तसल्या घरात पोरगं चौकट मांडणार, गट जुळणार नाही, आणि बापाच्या डोक्यात काय येईल? आईला विहीर जवळ करावी लागेल. एका नखऱ्यापायी मला कुणाच्या घरात आग लावायची नाही." वर्गात बोललेल्या शब्दाचं घरी जाऊन काय होतं याचा इतका विचार करणारा दुसरा मास्तर मी पाहिला नाही. म्हणून पुढं जे झालं त्याचं मला जास्त वाईट वाटतं. व्हायचं होतं तर दुसऱ्या कुणाच्या हातून व्हायचं होतं.

हा विषय त्यांच्या इतका जिव्हाळ्याचा का, ते त्यांनी एकदाच सांगितलं. माझी आई जालन्याहून गाडीनं येणार होती आणि तिला उतरवून घ्यायला आम्ही मुकुंदवाडीच्या छोट्या स्टेशनावर बसलो होतो. गाडीचा पत्ता नव्हता. सर बडीशेप चघळत रुळांकडं बघत होते. मग म्हणाले, "माझ्या पाठीवर एक बहीण होती. शाहीन. आमचे अब्बा आणि अम्मी सख्खे चुलत. सोयगावला तेव्हा कोण बाहेर सोयरीक करायचं? शाहीन सहा-सात महिन्यांची झाली आणि पिवळी पडायला लागली. पोट फुगलेलं, कपाळाची हाडं वर आलेली. अम्मी म्हणायची नजर लागली. ताईत बांधले. शाळेत जायच्या आधीच गेली."

त्यांनी बडीशेपेची पुडी मिटून खिशात टाकली.

"मी बीएस्सीला होतो. पुस्तकात थॅलेसेमियाच्या पानावर एक फोटो होता, कुठल्या तरी परक्या देशातल्या पोराचा. बाई, तोंड शाहीनचं होतं. हुबेहूब."

त्यांनी स्वतःचं रक्त तपासून घेतलं होतं. दोष त्यांच्यातही होता, पण एकेरी. म्हणजे स्वतःला काही त्रास नाही, फक्त पुढं द्यायला शिल्लक. नवरा-बायको दोघांकडं असा एकेरी दोष असला की मग पोटच्या पोरात तो दुहेरी होऊ शकतो आणि त्याला जन्मभर दुसऱ्याच्या रक्तावर जगावं लागतं. म्हणून सरांनी नात्यातली मुलगी नाकारली आणि लग्नाआधी भाभींचं, म्हणजे होणाऱ्या बायकोचं, रक्त तपासायला लावलं. त्या काळी! सासरे कितीतरी दिवस म्हणत होते, आमच्या पोरीला जावई घोडी पारखावी तसं पारखून घेऊन गेला.

आता तो खेळ सांगते.

दरवर्षी बारावीच्या वर्गात हा धडा आला की सर चार पोरांना फळ्यापाशी उभं करायचे. एक पोरगा आणि एक पोरगी आईबाप म्हणून बाजूला. त्यावरच आधी हशा. मग सर म्हणायचे, "दोघांकडं एकेरी दोष आहे. यांना चार पोरं झाली. चौघांत एक आजारी." पहिल्या पोराच्या डोक्यावर टपली. "हा आजारी. जा, बस जागेवर." तो मान पाडून, लंगडत, नाटक करत बाकावर जायचा. वर्ग खो खो हसायचा. "राहिले तीन. दोघांकडं आईबापासारखा एकेरी दोष, एक अगदी स्वच्छ. पण तिघंही धडधाकट. टाळ्या!" टाळ्या इतक्या व्हायच्या की शेजारच्या वर्गात माझं कवितेचं कडवं वाहून जायचं. मी दोनदा प्राचार्यांकडं तक्रार केली. पोरं मात्र बाकी सगळं विसरायची, हा खेळ विसरायची नाहीत. कागदावरची चौकट आणि माणसाचं घर यात काय फरक आहे हे सर पुढच्या तासाला नीट सांगायचे. पण पुढच्या तासाला टाळ्या नसायच्या.

वर्षा त्या खेळात उभी राहिलेली होती. सरांच्या गावची, सोयगावची, म्हणून त्यांचा तिच्यावर जीव. मुकुंदवाडीला काकाकडं राहून शिकत होती. हसरी, धीट, माझ्या तासाला पुस्तकाखाली जीवशास्त्राची वही ठेवून अभ्यास करायची. बीएस्सी झाली आणि घरच्यांनी लग्न ठरवलं, आत्याच्या मुलाशी. सोमनाथ त्याचं नाव. तोही सरांचाच विद्यार्थी, तिच्या दोन वर्षं पुढं. सोयगावला त्याचं खत-बियाण्यांचं दुकान होतं. सर स्वतः गेले, दोघांचं रक्त तेवढं तपासून घ्या म्हणून सांगायला. वर्षाच्या वडिलांनी चहा दिला आणि म्हणाले, "सर, मामाची पोरगी हक्काची असती. अन् तुमच्यात तर चुलतभावाला देतात की." सर म्हणाले, "म्हणून तर सांगायला आलो." वडील हसले. लग्न धडाक्यात झालं.

पहिला मुलगा झाला, शंभू. सात-आठ महिन्यांत पोर पिवळं पडलं. वर्षा त्याला घेऊन शहरात आली, मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या आणि सरांना जी भीती होती तेच निघालं. दोघांकडं एकेरी दोष, पोरात दुहेरी. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, जन्मभर. वर्षा तिथून थेट सरांच्या घरी आली. मीही होते. सरांनी तिला पाणी दिलं आणि एवढंच सांगितलं, "बेटा, पुढच्या वेळी दिवस राहिले की तिसऱ्या महिन्याच्या आत माझ्याकडं ये. तपासणी असते." ती हो म्हणाली. रडून रडून तिचं तोंड सुजलं होतं. त्या 'हो'मध्ये तिनं काय ऐकलं असेल कुणास ठाऊक.

ती आली ती पाचवा महिना सरत आला तेव्हा. हातात पेढ्यांचा पुडा, बरोबर सोमनाथ. चेहऱ्यावर किती दिवसांनी हसू. मी भाभींबरोबर कोथिंबीर निवडत ओट्यावर बसले होते. सर बाहेर आले, तिच्या पोटाकडं बघितलं आणि भिंतीला हात टेकला.

"तपासणी केलीस?"

"नाही सर. कशाला?" वर्षा म्हणाली. "आमचं एक झालं ना आजारी. आता तिघं चांगले. तुम्हीच तर शिकवलं. मी स्वतः उभी होते की त्या चौघांत, तिसऱ्या नंबरवर."

सोमनाथ म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, सख्ख्या भावंडाचा मगज जुळला तर शंभू कायमचा बरा होऊ शकतो सर. हाडातला मगज. म्हणून म्हटलं उशीर नको. आता चांगलंच लेकरू येणार, त्यातलं एक तरी जुळंल."

मला आधी काही कळलं नाही. मला वाटलं, बरोबरच बोलतायत पोरं. मी भाषेची बाई. भाभी तेवढ्या उठून आत गेल्या. सर खाली ओट्यावर बसले आणि वर्षाला म्हणाले, "बेटा, तसं नसतं ते. प्रत्येक पोराच्या वेळी चौकट नवी मांडली जाते. शंभूला काय झालं ते या पोराला माहीत नसतं. याच्यासाठीही चारात एक. पुढच्यासाठीही चारात एक. चौघंही आजारी निघू शकतात."

वर्षाचं हसू तसंच राहिलं, नुसतं ओठांवर. "मग तुम्ही त्याला जागेवर का पाठवायचात?"

सरांनी उठून आतून फोन आणला.

डॉक्टरांना विचारलं. उशीर झालाय, पण वेळ अजून पुरती गेलेली नाही, म्हणाले. या चार दिवसांत आलात तर पोटातलं पाणी काढून बघता येईल, पुढं काय करायचं ते तुमच्या हातात राहील. वर्षा-सोमनाथ विचारून सांगतो म्हणून गावी गेले आणि दोघांचे फोन बंद झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी सर माझ्या दारात. "बाई, सोयगावला चला. तिथल्या बायका माझ्याशी बोलायच्या नाहीत. तुमच्याशी बोलतील." मी कॉलेजात फोन करून रजा टाकली आणि आम्ही एसटीत बसलो. सिल्लोड गेलं, अजिंठ्याचा घाट उतरलो. सरांचं हेल्मेट मांडीवर होतं. एसटीत हेल्मेट! मला हसू आलं.

घरी सोमनाथची आई होती, म्हणजे वर्षाची आत्या. सुमनबाई. अंगणात मका वाळत घातलेला, त्याच्या कडेला सतरंजी टाकून त्यांनी आम्हाला बसवलं. बाई वाईट नव्हती, हे मला सांगितलंच पाहिजे. शंभू तिच्या खांद्याला चिकटलेला होता आणि ती त्याला एक क्षण खाली ठेवत नव्हती.

"पोटातल्या लेकराला सुई टोचायची?" त्या मला म्हणाल्या. "नाय बाई. टोचताना काय झालं तर? एकाचं दुखणं देवानं आमच्या वाट्याला घातलं, ते आम्ही मुकाट घेतलं. आता आणखी किती घालील? अन् समजा निघालंच तुमच्या त्या तपासणीत, तर मग काय, पाडायचं? माझ्या भावाची लेक हाय ती. परकी नाय. आमचंच रक्त आमच्या घरात हाय."

"तेच तर," सर अगदी हळू म्हणाले.

मी वर्षाकडं बघितलं. ती दारात चौकटीला धरून उभी होती. मी म्हटलं, "वर्षा, तुझं काय म्हणणं?" ती म्हणाली, "आत्या म्हणतील तसं." पण बघत होती सरांकडं. तिचा विश्वास तेव्हाही सरांवरच होता, फक्त त्या जुन्या, टाळ्या घेणाऱ्या सरांवर.

सोमनाथ दुकानातून आला. सर त्याला म्हणाले, "सोमनाथ, तू शेतकऱ्यांना काय सांगतोस? संकरित कपाशीचं बी घरी ठेवू नका, पुढच्या पेऱ्याला भरवसा नाही. सांगतोस ना?"

"ते कपाशीचं, सर. हे माणसाचं आहे."

"कायदा एकच आहे रे." मग सरांनी हात जोडले. पन्नाशी उलटलेल्या मास्तरानं विद्यार्थ्याला हात जोडले. "मी चुकीचं शिकवलं. तो खेळ चुकीचा होता. मुलांना हसू यावं म्हणून मी त्याला जागेवर पाठवायचो. कृपया माझं ऐका, उद्या सकाळी चला."

सोमनाथ त्यांच्याकडं बघत राहिला. तोही रडकुंडीला आला होता. म्हणाला, "मग आणखी काय काय चुकीचं शिकवलंत सर? काल एक खरं, आज दुसरं खरं. आम्ही धरायचं काय?"

सुमनबाईंनी चहा ठेवला. तो पिऊन आम्ही निघालो. परतीच्या गाडीत सर ना मराठी बोलले ना दख्खनी. मला त्या सोमनाथचा राग आला होता, सुमनबाईंचा आला होता, सरांचाही आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

त्या वर्षापासून सरांनी खेळ बंद केला. वर्गात रुपयाचं नाणं घेऊन जायचे आणि तास संपेपर्यंत उडवायचे. "तीनदा छापा पडला. आता काटाच पडेल असं कुणाला वाटतं? हात वर करा." निम्मा वर्ग हात वर करायचा. "नाण्याला मागचं आठवत नाही. लिहा वहीत." ना हशा, ना टाळ्या. माझं कवितेचं कडवं आता नीट ऐकू जायचं आणि मला ते नकोसं झालं.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण त्यांना आता रस्त्यानं चालणं मुश्कील झालं, कारण शहरभर त्यांचे विद्यार्थी. मुकुंदवाडीच्या पेट्रोल पंपावर मी त्यांच्या मागं स्कूटरवर बसलेली, रांग लागलेली, आणि हे पेट्रोल भरणाऱ्या पोराला विचारतायत, "तू माझ्याकडं होतास ना? चौघांचा खेळ आठवतो?"

पोरगा खुलला. "हौ सर! मी आजारी झालतो. लंगडत गेलो होतो."

"तो चुकीचा होता. प्रत्येक पोराला चारात एक. पहिल्याचा हिशोब दुसऱ्याला लागू नाही. लग्न झालं का तुझं? नात्यात की बाहेर?"

मागचे लोक हॉर्न मारत होते. पोरगा माझ्याकडं बघून डोळ्यांनी विचारत होता, सरांचं बरं आहे ना? बँकेतली मुलगी, किराणावाला, जालना रोडवर वाहतुकीचा हवालदार, सगळ्यांना गाठून त्यांनी हेच सांगितलं. काही जण हसायचे. काहींनी त्यांना बघून गल्ली बदलायला सुरुवात केली. मी एकदा चिडून म्हटलं, "सर, पुरे करा आता. लोक वेडा म्हणतायत तुम्हाला." ते म्हणाले, "म्हणू द्या बाई. कितीजण उभे केले मी त्या फळ्यापाशी, मलाही आठवत नाही."

वर्षाला मुलगी झाली. गोरीपान, गुटगुटीत. सोमनाथनं मलाच फोन करून सांगितलं, "सरांना सांगा, लेकरू एकदम चांगलंय." आवाजात थोडी ऐट होती, आणि का नसावी? मला इतका आनंद झाला की मी चपला न घालता समोर पळत गेले. सरांनी ऐकून घेतलं. "या आजारात जन्मताना सगळी चांगलीच दिसतात बाई. शाहीनही अशीच होती." मग म्हणाले, "पण चारात तीन चांगले आहेत की. मला खोटं पडू दे. भरचौकात खोटं पडू दे." ते पाच वेळा नमाज पढणाऱ्यांपैकी नव्हते, पण त्या दिवसांत शुक्रवारी टोपी घालून जाताना दिसायचे.

मुलगी सहा महिन्यांची झाली, सात महिन्यांची झाली. मग वर्षाचा फोन आला. म्हणाली, "बाई, राधाचा रिपोर्ट आला. शंभूसारखाच. सरांना तुम्ही सांगा. मी त्यांच्याशी बोलणार नाही." आणि ठेवून दिला. म्हणजे शंभूला मगज द्यायला आता कुणी नव्हतं, आणि रक्त घेणारी दोन झाली.

मी गेले तेव्हा सर हेल्मेट घालून बाहेरच निघाले होते. माझं तोंड बघूनच त्यांना कळलं. फाटकाची कडी हातात धरून ते म्हणाले, "म्हणजे मी बरोबर निघालो." आणि तिथंच पायरीवर बसून लहान पोरासारखे रडले. भाभी धावत आल्या. आम्ही दोघींनी हेल्मेट काढलं त्यांचं. मी माझ्या आयुष्यात कुणाला बरोबर असल्याबद्दल असं रडताना पाहिलं नाही, आणि पुन्हा बघायची माझी ताकद नाही.

काझी सर गेले त्याला आता वर्ष होत आलं. हृदयाचं निमित्त झालं. निवृत्तीनंतर फार जगले नाहीत. पण जोवर होते तोवर शंभू आणि राधाला रक्त चढवायचा दिवस त्यांनी चुकवला नाही. आदल्या दिवशी जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावून रक्त द्यायला उभं करायचे. निम्मे यायचे नाहीत. मग दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसायचे. वर्षा त्यांच्यासमोरून दोन पोरं घेऊन आत जायची आणि बघायचीही नाही. सोमनाथ मान हलवायचा, तेवढंच. सर दुपारपर्यंत बसायचे आणि उठून यायचे. मी म्हणायचे, कशाला जाता? तर म्हणायचे, "घरी बसून काय करू?"

शेवटचं त्यांना नीट पाहिलं ते तिथंच. मी भाभींनी दिलेला डबा घेऊन गेले होते. आतून सिस्टर ओरडल्या, "मुलीबरोबर कोण आहे? धरायला या लवकर." मी दारातून डोकावले. शंभूला सुई लागली होती आणि त्याला हुडहुडी भरली होती. वर्षानं त्याला दोन्ही हातांनी दाबून धरलेलं. सोमनाथ औषध आणायला खाली गेलेला. शेजारच्या खाटेवर राधा रडून लाल झालेली, सिस्टरांच्या हातात सुई. मी डबा खाली ठेवून पुढं झाले.

"तुम्ही नको बाई," वर्षा म्हणाली. मग माझ्या खांद्यावरून मागं बघून म्हणाली, "सर, तुम्ही धरा."

किती दिवसांनी तिनं त्यांना हाक मारली होती. सर आत आले. खाटेच्या कडेला बसले, राधाला मांडीवर घेतलं आणि तिचा हात सिस्टरांपुढं सरळ केला. "आजोबा, घट्ट धरा," सिस्टर म्हणाल्या, "हलली की परत टोचावं लागतं." सरांनी घट्ट धरला. राधानं किंकाळी फोडली. सर तिच्या हाताकडंच बघत होते, मान वळवली नाही त्यांनी. वर्षा तिकडून सरांकडं बघत होती.

शीर सापडली नाही. सिस्टरांनी सुई काढून कापूस दाबला आणि म्हणाल्या, "दुसरा हात द्या."

सरांनी तिला छातीशी जरा वळवून घेतलं आणि तिचा दुसरा हात पुढं केला.